हाटकेशची नमुना खोली

शशिकांत मांजरेकरांनी सुरुचीला पहिल्यांदा पाहिलं ते मिरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर, आणि पाहताक्षणी त्यांना तिचा राग आला. नाक्यावरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर सरूबाई नावाची म्हातारी आलं-लसूण विकायला बसायची. ती राहायचीही तिथेच, हे आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक होतं. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं आणि गुंडाळलेली चटई हा तिचा संसार पायरीच्या कोपऱ्यात लावलेला असायचा. त्या सकाळी पंचविशीची एक मुलगी तिथे उकिडवी बसून त्या पेटीला टेप लावत होती. ओढणी कमरेला बांधलेली, वेणीत पेन्सिल खोचलेली, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं.

मांजरेकरांना वाटलं, आली अतिक्रमणवाली. विमा कंपनीत आयुष्यभर कारकुनी केलेला हा गृहस्थ भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. तरी त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"अहो बाई, म्हातारीचं सामान उचलताय की काय? जरा तरी दयामाया..."

"उचलत नाही हो काका, मोजतेय," मुलगी मान वर न करता म्हणाली. "आजी, कडीसकट मोजू की कडी सोडून?"

"कडी काय तोडून ठिवू व्हय?" सरूबाई खेकसली. मग मांजरेकरांना पाहून तिनं तक्रार गुदरली, "बघा वो सायेब. कपाट करनार हाय म्हनं माज्यासाठी. घर न्हाय, दार न्हाय, आन् कपाट! पन च्या पाजला पोरीनं, म्हून बसू दिली."

"घरही करतेय ना, आजी. पण कपाटात पेटीच मावली नाही तर घरात तू येशील का?"

"ह्ये मातुर खरं," सरूबाई म्हणाली आणि पेटी मोजायला सोपी जावी म्हणून तिनं स्वतःच ती पुढे ओढली.

मांजरेकरांनी उगाचच पाव किलो लसूण घेतला आणि घरी आले. ही मुलगी वेडी की शहाणी, याचा निकाल त्यांना त्या दिवशी लावता आला नाही.

तो लागला काही महिन्यांनी. लालबागची खोली सोडून मिरा रोडला राहायला आलेले मांजरेकर त्या दरम्यान निवृत्त झाले, आणि घरात बसून बसून इतके कंटाळले की शेजाऱ्यांच्या ओळखीनं जवळच्याच हाटकेश भागात ईश्वरभाई बिल्डरांच्या साइट ऑफिसात जाऊन बसू लागले. काम सोपं होतं. घर बघायला येणाऱ्यांना पाणी द्यायचं, नकाशा दाखवायचा आणि स्टेशनपासून किती वेळ लागतो, या प्रश्नाला हसतमुखानं उत्तर द्यायचं. पहिल्याच दिवशी दारातून वेणीत पेन्सिल खोचलेली तीच मुलगी आत आली आणि ईश्वरभाई म्हणाले, "ही आपली आर्किटेक्ट. सुरुची धामणकर. नवी आहे म्हणून स्वस्तात मिळाली."

"खरंच स्वस्तात मिळाले, काका," सुरुची म्हणाली. "आता भाई पस्तावतायत."

सुरुचीचे वडील भाईंदरच्या मिठागरावर मुकादम होते. मिठागराकाठच्या एका खोलीत ती लहानाची मोठी झाली, मुंबईला जाऊन शिकली, आणि शिकून झाल्यावर मैत्रिणी परदेशी गेल्या तेव्हा हिनं केबिन रोडवर एका फरसाणवाल्याच्या माडीवर टेबल टाकलं. तिच्या सगळ्या नकाशांना शेवेचा वास यायचा. तिची एक पद्धत मांजरेकरांना फार आवडली. कुठलीही खोली आखून झाली की ती त्या जागी जाऊन खाली मांडी घालून बसायची, मग आडवी व्हायची, मग कुशीवर वळायची. गवंडी हसायचे. ती म्हणायची, "माणूस घरात उभा किती वेळ असतो? नकाशात मात्र आपण सगळे उभेच धरतो."

ईश्वरभाईंच्या त्या प्लॉटवर एक आरक्षण होतं. बेघरांसाठी निवारा बांधून तो महापालिकेला द्यायचा, आणि मग उरलेल्या जागेत बिल्डरनं आपली इमारत उभी करायची, असा व्यवहार. सुरुचीनं आखलं ते असं : खाली रस्त्याकडेला दुकानांचे गाळे, वर सात मजल्यांवर मध्यमवर्गीयांची घरं, आणि तळमजल्यावरच अगदी कोपऱ्यावर, दोन रस्त्यांच्या तोंडाशी, निवारा.

कोपरा बघून ईश्वरभाईंच्या घशाखाली चहा उतरेना.

"सुरुचीबेन, कॉर्नर! अरे, कॉर्नर कोणी असा देतं? तिथे मिठाईवाला येईल, बँक येईल. निवारा पाछळ टाका, पंपरूमच्या बाजूला. महापालिकेला जागा पाहिजे, कॉर्नर नाही पाहिजे."

"मागच्या बोळात सरूआजी येणार नाही, भाई."

"कोण सरूआजी?"

"सिल्व्हर पार्कला लसूण विकते ती. मी विचारलंय तिला. बाईमाणूस अंधार पडल्यावर रस्ता सोडून बोळात वळत नाही. ती म्हणते, त्यापेक्षा माझी पायरी बरी, येणारेजाणारे तरी दिसतात. मग तुम्ही निवारा बांधणार, त्याला कुलूप लागणार, आणि आजी पायरीवरच. कशाला बांधायचा?"

"आणि माझा गिराईक? आयुष्यभराची कमाई घालून फ्लॅट घेणारा माणूस खाली हे लोक बघेल आणि पळेल. मग मी पण येतो तुझ्या निवाऱ्यात राहायला."

"या की. तुमचं कपाट मोजून घेते."

ईश्वरभाईंना हसू आलं, पण ते हट्ट सोडणारे नव्हते. शेवटी सुरुचीनंच मार्ग काढला. तळमजल्यावर सँपल फ्लॅट तयार करायचं ठरलंच होतं. ती म्हणाली, त्याच्याच शेजारी, कोपऱ्यात, सँपल निवाराही करू. येणाऱ्या गिऱ्हाइकांना दोन्ही दिसू देत. त्यांना काय वाटतं ते तेच सांगतील.

ईश्वरभाईंनी थोडा विचार केला. "दिवाळीपर्यंत. एक पण गिराईक ह्या निवाऱ्यामुळे पळाला, तर निवारा पाछळ. मंजूर?"

"मंजूर. आणि कोणी नाही पळालं, तर कोपरा निवाऱ्याचाच. पुन्हा बोलायचं नाही."

"ईश्वरभाईची जुबान आहे. मांजरेकर, तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं," मांजरेकर म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. गिऱ्हाईक आलं की सुरुचीचा कोपरा आपल्याच जिभेवर टांगलाय, असं त्यांना वाटू लागलं. खोटं बोलायची सवय नव्हती. कोणी विचारलं, "ते बाजूला काय चाललंय?" तर ते म्हणत, "तेही एक राहण्याचंच काम आहे, आधी हे बघून घ्या," आणि घाम पुसत. सुदैवानं निवाऱ्याचं दार तेव्हा बसायचं होतं आणि आत वाळूचे ढीग होते. नाक मुरडावं असं अजून काही तयारच नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास खोली उभी राहिली. विटांचे रुंद ओटे, त्यांवर गुळगुळीत लाद्या, प्रत्येक ओट्याच्या उशाशी भिंतीत बसवलेलं कुलपाचं कपाट, ऐसपैस मोरी. सुरुचीनं एका रविवारी दुपारी माणसं बोलावली. सरूबाई आली, हातगाडी ओढणारा धाकू आला, नाक्यावर कामाला उभी राहणारी दोन कुटुंबं आली. मांजरेकर दाराशी उभे राहून बघत होते.

धाकूनं आधी बाहेरचा गाडी लावायचा आडोसा पाहिला, साखळी ओढून पाहिली आणि म्हणाला, "गाडीची सोय झाली. आता माझी नाही झाली तरी चालेल."

सरूबाईची पेटी कपाटात गेली, कडीसकट. तिनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. सुरुचीचा चेहरा फुलला.

"आता ओट्यावर आडवी होऊन बघ, आजी."

सरूबाई ओट्याजवळ गेली. तिनं दाराकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, मनाशी काही जुळवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्या न्हाय झोपनार."

"का गं?"

"पाय कुटं येत्यात बघ की. दक्षिनंला! मढं झोपिवत्यात तसं झोपू व्हय? अजून हाय म्या."

मग धाकूनं मान हलवली, "तरीच म्हटलं, मघापासून काय खुपतंय." नाक्यावरच्या एका बाईनं तर ओट्यावर बसवलेलं पोर पटकन उचलून घेतलं.

सुरुचीनं कपाळावर हात मारून घेतला. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. वर सात मजल्यांत एकाही घरात पलंग दक्षिणेकडे पाय येतील असा लागू नये, याची तिनं बारकाईनं काळजी घेतली होती, कारण गिऱ्हाइकं होकायंत्र घेऊन येतात. निवाऱ्यात मात्र तिनं वारा पाहिला, उजेड पाहिला, पेटी पाहिली, आणि दिशा पाहायची राहून गेली.

"काका," ती मांजरेकरांना हळूच म्हणाली, "यांच्यासाठी मला हे सुचलंच नाही बघा. लाज वाटली मला."

"आता सुचलं ना? मग झालं."

बांधकामावरच्या उत्तम मुकादमानं मात्र आकाश डोक्यावर घेतलं. "मॅडम, गेल्या आठवड्यात बांधलं, या आठवड्यात तोडायचं? लोकांनी ऐकलं तर हसतील. फुकट राहणाऱ्यांना पण वास्तुशास्त्र!"

"मग तू झोप एक दिवस दक्षिणेला पाय करून," सुरुची म्हणाली.

"मी कशाला झोपू? मला बायकोपोरं आहेत!" असं म्हणून उत्तमनं त्याच दुपारी घण मागवला.

ओटे पूर्व-पश्चिम फिरले, आणि खोलीचं रूपच बदललं. आधी ती थोडी दवाखान्यासारखी दिसायची. आता भिंतीला लागून ओटे आले, मध्ये मोकळी जागा उरली, उशाशी खिडक्या आल्या. मध्ये बसून चार माणसांनी भाकरी खावी, अशी ती जागा. सुरुची तिथे मांडी घालून बसली, आडवी झाली, कुशीवर वळली आणि म्हणाली, "आता ठीक आहे."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिनं सगळ्यांना पुन्हा बोलावलं. गडी आत गेले, बायका आत गेल्या, दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. सुरुची आणि ईश्वरभाई मागे पाण्याच्या टाकीचं काम बघत होते. तेवढ्यात परळहून एक कुटुंब घर बघायला आलं. अभिनव नावाचा तरुण मुलगा, त्याची बायको अनुष्का आणि त्याची आई गिरिजाबाई. सँपल फ्लॅटची किल्ली नेमकी ईश्वरभाईंच्या खिशात होती. मांजरेकर "बसा हं, आत्ता आणतो" म्हणून मागे गेले.

आता, चाळीत वाढलेल्या माणसाला कुठल्या दारात जायचं हे पाटी वाचून ठरवावं लागत नाही. बारसं असो, पूजा असो, ज्या दाराबाहेर चपला, तेच घर. गिरिजाबाईंनी एक बंद दार पाहिलं, शेजारचं उघडं दार पाहिलं, त्याच्याबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, सगळे आत आहेत. चला." तिघांनी आपल्या चपला त्या ढिगात सोडल्या.

किल्ली घेऊन मांजरेकर परतले, मागोमाग ईश्वरभाई आणि सुरुची, तर ऑफिस रिकामं. निवाऱ्याच्या दारात येऊन पाहतात तो काय, आत एका ओट्यावर सरूबाई पाय पसरून पडलेली, आणि शेजारच्या ओट्यावर, पदर नीट घेऊन, गिरिजाबाई!

"वारा कसा मस्त येतो हो," गिरिजाबाई सांगत होत्या. "आणि प्रत्येकाला वेगळं कपाट. आमच्याकडे एका कपाटावरून सकाळी महाभारत होतं. तुम्ही कुठून आलात घर बघायला?"

"हितनंच, शिल्वर पारकातनं. झोपून बघाया बोलिवलंय."

"हे बरं सुचलं यांना. नाहीतर सगळीकडे उभ्या उभ्या दाखवतात आणि हाकलतात. मोरी पाहिलीत? परातभर भांडी घासावी अशी आहे." मग दारात ईश्वरभाईंना पाहून त्या उठून बसल्या. "शेठ, आम्हाला हीच जागा हवी. कोपऱ्यावरची. फक्त स्वयंपाकाचा ओटा राहिलाय, तेवढा घालून द्या."

ईश्वरभाईंचे डोळे चमकले. गेले कित्येक दिवस ज्या कोपऱ्याला गिऱ्हाईक भिणार म्हणून ते भीत होते, त्याच कोपऱ्याला गिऱ्हाईक लोळून मागत होतं. "बेन, बसा, बसा. आपण काही तरी करू..."

"काय करतोस?" सरूबाई ताडकन उठली. "कुनाला इकतोस? ही आमची हाय!"

गिरिजाबाई गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा ईश्वरभाईंकडे बघू लागल्या. सुरुची पुढे झाली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिनं काही लपवलं नाही. ही जागा विकायची नाही, ज्यांना घर नाही त्यांच्या निवाऱ्यासाठी आहे, तुमचं घर वर, नमुना शेजारी, हे सगळं तिनं सरळ सांगितलं.

अभिनव कानापर्यंत लाल झाला. "आई, चल. ऊठ तिथून."

दिवाळी चार पावलांवर आली होती, आणि गिऱ्हाईक दाराकडे वळत होतं. सुरुची वेणीतली पेन्सिल काढून नुसतीच हातात फिरवत होती.

गिरिजाबाई उठल्या नाहीत. "का उठू?" त्या म्हणाल्या.

"अगं, खाली हे लोक राहणार. आपण इतके पैसे घालून..."

"हे लोक म्हणजे कोण रे? आपल्या चाळीच्या जिन्याखाली काशीनाथ झोपायचा, तो कोण होता? तुला शाळेत कोण सोडायचं? तुझ्या मुंजीत पाणी कोणी भरलं? त्याला बिचाऱ्याला जिना होता, इथे निदान खोली आहे." मग त्या सुरुचीकडे वळल्या. "वरचं घर तुम्हीच काढलंय का?"

"हो, काकू."

"याच्याइतकं हवेशीर आहे? आणि निजायच्या खोलीत पाय दक्षिणेला येत नाहीत ना?"

"त्याचा घोर नगो," सरूबाई मध्येच म्हणाली. "त्ये आता समाजलंय तिला."

तिघंही शेजारचा सँपल फ्लॅट बघून आली. पहिली बोलली ती अनुष्का. "मला ऑफिसातून यायला उशीर होतो. कोपऱ्यावर दिवा असेल, कोणीतरी जागं असेल, तर मला बरंच आहे. बँक काय, पाच वाजता बंद होते." अभिनवनं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "सहाव्या मजल्यावर मिळेल का?"

ती मंडळी निघून गेल्यावर ईश्वरभाईंनी खुर्ची ओढली. चेहऱ्यावर आनंद होता आणि व्यापार्‍याची चुळबुळही. "सुरुचीबेन, आजच समजलं, कॉर्नर किती भारी आहे. गिराईक नुसतं बघून फिदा. आता एवढा सोन्यासारखा कॉर्नर..."

बोलले ते मांजरेकर. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

"भाई, तुम्ही जुबान दिली होती. गिऱ्हाईक पळालं तर मागे, नाही पळालं तर कोपरा निवाऱ्याचा. आजपर्यंत एकही पळालं नाही. मी ऐकलंय. तुम्हीच मला ऐकायला सांगितलं होतं."

ईश्वरभाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मांजरेकर, तुम्हाला पगार कोण देतो?"

"तुम्ही, भाई. म्हणून तुमची जुबान सांभाळतोय."

आतून सरूबाईचा आवाज आला, "बराबर बोलला सायेब!" आणि ईश्वरभाई खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांनी गवंड्याला हाक मारली आणि निवाऱ्याच्या दारावर नावाची दगडी पाटी पक्की बसवायला सांगितली. मिठाईवाला पुढे दोन गाळे सोडून आला, आणि त्याचं काही अडलं नाही.

इमारत पुरी व्हायला आणखी दीड-दोन वर्षं गेली. सरूबाई पेटी घेऊन राहायला आली तेव्हा लसणाचा धंदाही तिनं कोपऱ्यावर हलवला. गिरिजाबाई सहाव्या मजल्यावरून तिच्याकडे लसूण घ्यायला उतरतात आणि तासाभरानं वर जातात. धाकूच्या गाडीवरून इमारतीतल्या निम्म्या लोकांचं सामान आलं. अभिनव सोसायटीचा चिटणीस झाला. निवाऱ्यात पाणी येत नाही अशी तक्रार आली की महापालिकेत पहिला तोच जातो आणि तिथे "आमचा निवारा" म्हणून बोलतो. कुरबुरी होतात. गॅलरीतून खाली पाणी सांडतं, धाकूच्या विडीचा धूर वर जातो. पण कोपरा हलवा, असं कोणी म्हटलेलं मांजरेकरांनी ऐकलेलं नाही.

त्या कामानंतर सुरुचीनं केबिन रोडवरची माडी सोडली नाही, पण शेजारची खोली घेतली आणि हाताखाली दोन मुली ठेवल्या. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा भाईंदरच्याच एका शाळेत चित्रकला शिकवतो. सध्या ती वसईला कारखान्यातल्या कामगार बायकांसाठी वसतिगृह बांधतेय, आणि मंगळवारी व शुक्रवारी ऑफिसात नसते; तिथल्या खोल्यांत आडवी होऊन बघत असते.